सुखान्त कोणाच्या वाट्याला?

दोन पुरुषांच्या प्रेमाची एखादी नवी कादंबरी लोकप्रिय झाली, की तिच्याविषयीची चर्चा पाहता पाहता कादंबरी सोडून इतर सगळ्या गोष्टींवर येऊन ठेपते. एक वाचक मोठ्या आपुलकीने लिहितो, की वाचताना हे दोघे पुरुष आहेत याचा आपल्याला विसरच पडला, कारण प्रेम शेवटी प्रेमच असते. दुसरा म्हणतो, की प्रत्यक्षात असे कुठे घडते. इतके निर्वेध सुख या माणसांच्या नशिबी नसते, तेव्हा कादंबरी खोटी. तिसरा मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव पाहून विचारतो, की एका स्त्रीला हे लिहिण्याचा अधिकार कोणी दिला. चौथा पुस्तक न वाचताच त्याला अश्लील ठरवून मोकळा होतो. या चौघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही, पण चौघेही कादंबरीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि तिच्याकडून साऱ्या समलिंगी माणसांविषयीची जबानी मागतात. पात्रे जिवंत झाली का, त्यांची एकमेकांविषयीची ओढ पानापानांतून पटत गेली का, शेवट कथेतून उगवला की वरून चिकटवला, हे प्रश्न तोवर मागे पडलेले असतात.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. समलिंगी प्रेमकादंबरी ही आधी प्रेमकादंबरी असते आणि तिला इतर प्रेमकादंबऱ्यांना मिळते तेवढेच स्वातंत्र्य मिळाले पाहिजे. त्याचबरोबर तिची तपासणीही तेवढ्याच कडकपणे झाली पाहिजे. आज दोन्ही घडत नाही. तिला शेवट गोड करण्याचे स्वातंत्र्य नाकारले जाते आणि दुसरीकडे केवळ विषयाकडे पाहून तिच्या कच्च्या लेखनाला माफीही दिली जाते. हे दोन्ही अन्याय एकाच समजुतीतून येतात. ही पुस्तके साहित्य म्हणून वाचायची नसून एका समूहाविषयीचा पुरावा म्हणून वाचायची असतात, ही ती समजूत.

यातली सर्वांत निरुपद्रवी वाटणारी प्रतिक्रिया पहिली आहे, म्हणून तिच्याकडे आधी पाहायला हवे. ‘प्रेम ते प्रेम’ असे म्हणणाऱ्या वाचकाचा हेतू चांगला असतो, हे मान्य केलेच पाहिजे. कालपर्यंत ज्याला हा विषयच किळसवाणा वाटत होता तो आज या दोघांच्या ताटातुटीने व्याकूळ होत असेल, तर साहित्याने आपले एक जुने आणि मोलाचे काम केले आहे. पण विसर पडणे ही दाद कशी होऊ शकते? एखाद्या विधवेच्या प्रेमाची कथा वाचून ‘ती विधवा आहे हे मी विसरूनच गेलो’ असे कोणी म्हणाले, तर त्याने कथा वाचलीच नाही असे आपण म्हणू, कारण तिचे वैधव्य हाच त्या प्रेमाचा अडसर आणि आकार असतो. सचिन कुंडलकर यांच्या 2006 सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. माणूस तोच, घर तेच, ओढही तीच. तरीही तनयची आणि अनुजाची कहाणी एक होत नाही. अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते तेव्हा घरावर आभाळ कोसळते, आणि ती एकटी परतते तेव्हा तिच्या दुःखाची दखल घराला घ्यावीच लागते. त्याच वेळी त्याच घरात तनयनेही तेवढेच गमावले आहे, पण ते सांगायला त्याच्याजवळ जागा नाही, आणि ऐकणाऱ्यांना तर काही घडल्याचेच ठाऊक नाही. दोघांचे प्रेम सारखे होते असे म्हणून या फरकावर पडदा टाकला, तर कादंबरीत उरते काय? प्रेम सारखे असेल. प्रेमाला मिळणारी जागा सारखी नसते, आणि कादंबरी त्या जागेविषयी असते.

आता सुखान्ताकडे वळतो, कारण खरा वाद इथे आहे आणि तोच सर्वांत वाईट रीतीने घातला जातो. आक्षेपाची सबळ मांडणी अशी करता येईल: ज्या माणसांना घराबाहेर काढले जाते, ज्यांची लग्ने त्यांच्या मनाविरुद्ध लावली जातात, ज्यांचे प्रेम जगातल्या कित्येक देशांत आजही गुन्हा आहे, त्यांच्या आयुष्यावर गोड शेवटाचा मुलामा चढवणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या समाजाला परस्पर दोषमुक्त करणे होय. वाचक पुस्तक मिटतो, त्याला बरे वाटते, आणि या बरे वाटण्यातच त्याची जबाबदारी संपते. हा आक्षेप हलका नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली, एका स्त्रीवर प्रेम करणारी नायिका शेवटी आत्महत्या करते, आणि 1981 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा शेवट समेटाचा असता तर त्याचा घाव प्रेक्षकांना बसला नसता, हे उघड आहे. शोकान्ताने समाजाला जाब विचारला आहे आणि तो यापुढेही विचारील.

तरीही या आक्षेपाच्या पोटात एक गृहीतक आहे: शोकान्त हे वास्तव आणि सुखान्त ही पळवाट. साहित्याचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांच्या प्रेमावरची ‘मॉरिस’ ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली. ती प्रसिद्ध झाली 1971 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. एवढा प्रतिष्ठित लेखक अर्धशतकाहून अधिक काळ आपले पुस्तक का दडवून ठेवतो? 1960 साली त्याला जोडलेल्या टिपणात त्यांनी स्वतःच कारण सांगितले आहे. आपल्याला सुखान्त अनिवार्य वाटला, असे ते लिहितात, आणि नेमका तोच प्रकाशनाच्या आड आला. शेवटी एखादा तरुण गळफासाला लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर हरकत नव्हती. पण हे प्रेमिक शिक्षा न भोगता निसटतात, म्हणजे पुस्तक गुन्ह्याची शिफारस करते. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध 1967 पर्यंत गुन्हा होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही भीती काल्पनिक नव्हती हे कळते.

स्त्रियांच्या प्रेमकथांचीही हीच गत होती. 1952 साली अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांनी ‘विन पॅकर’ या टोपणनावाने दोन तरुणींच्या प्रेमावर ‘स्प्रिंग फायर’ ही स्वस्त आवृत्तीतली कादंबरी लिहिली. संपादकाने आधीच बजावले होते, की शेवट सुखाचा चालणार नाही. टपाल खाते पुस्तकांचे गठ्ठे अश्लील म्हणून अडवील. म्हणून एकीची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि दुसरीने आपले प्रेम खरे नव्हतेच असे म्हटले. पुस्तक लाखोंनी खपले. ज्या वाचकांना ते पोचले, त्यांनी हा शेवट जीवनाचा नियम म्हणून वाचला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? पण आज आपल्याला ठाऊक आहे, की तो नियम जीवनाचा नव्हता; ती छपाईची अट होती. पिढ्यानपिढ्या ज्या शेवटांना आपण वास्तववादी म्हणत आलो, त्यांतले किती शेवट लेखकांना दिसलेल्या आयुष्यातून आले आणि किती कायद्याच्या, टपाल खात्याच्या आणि प्रकाशकाच्या धाकातून, हा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो मांडल्याशिवाय सुखान्ताला अवास्तव म्हणण्याची घाई कशासाठी?

त्याच 1952 साली पॅट्रिशिया हायस्मिथ यांनीही टोपणनावाने एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या अखेरीस दोन स्त्रिया, मोठी किंमत मोजून का होईना, एकमेकींकडे परततात. स्वस्त आवृत्ती निघाल्यावर वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. सुखान्ताबद्दल स्त्रियांनी आणि पुरुषांनीही लेखिकेचे आभार मानले होते. आपल्यासारखी माणसे नेहमी मनगटाची शीर कापून घेत नाहीत, असे सांगणारे हे पहिलेच पुस्तक आपण वाचतो आहोत, अशी त्यांची भावना होती. हे वाचक भाबडे होते का? आपल्या आयुष्यातल्या अडचणी त्यांना कोणत्याही समीक्षकापेक्षा अधिक ठाऊक होत्या. त्यांना अडचणींची माहिती नको होती. त्या अडचणी ओलांडून एकत्र राहणारी माणसे कल्पनेत तरी संभवतात, एवढे त्यांना पाहायचे होते.

शिवाय मोजमापाचा एक दुटप्पीपणा आहे. ना. सी. फडके यांच्या प्रेमकादंबऱ्यांवर पलायनवादाचा आरोप झाला, ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद मराठीत वर्षानुवर्षे गाजला, आणि तो वाद चांगला होता. पण फडक्यांचे नायक-नायिका अवास्तव आहेत म्हणून स्त्री-पुरुषांचे प्रेमच अवास्तव आहे, असा निष्कर्ष त्या वादात कोणी काढला नाही. दोष लेखनाचा धरला गेला. दोन पुरुषांची गुळगुळीत प्रेमकथा समोर आली, की मात्र दोष लेखनावरून उडी मारून थेट त्यांच्या सुखाच्या शक्यतेवर जातो. प्रेमकथेचा शेवट वाचकाला आधी ठाऊक असणे हा काही तिचा कमीपणा नव्हे. ‘संगीत सौभद्र’ 1882 पासून रंगमंचावर आहे, आणि सुभद्रेचे लग्न अर्जुनाशीच लागणार हे पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होते. ते पाहायला आले होते ते हे लग्न कसे जमते, कोण कोणाला चकवतो, सुभद्रेच्या मनाची तगमग कशी गायली जाते, हे.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळता येणार नाही. अमेरिकन लेखिका ॲनी प्रू यांची दोन पुरुषांच्या प्रेमावरची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही कथा 1997 साली आली, 2005 साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि त्यानंतर वाचक लेखिकेला आपापले सुधारलेले शेवट पाठवू लागले. कोणाला मेलेला नायक जिवंत हवा होता, कोणी उरलेल्याला नवा जोडीदार मिळवून दिला. लेखिका इतकी वैतागली, की ही कथा लिहिली नसती तर बरे झाले असते, असे तिने मुलाखतीत सांगून टाकले. तिच्या मते वाचकांना कथेचा गाभाच कळला नव्हता. ती दोघांच्या प्रेमाइतकीच त्या मुलखातल्या द्वेषाविषयी होती. मी इथे पूर्णपणे लेखिकेच्या बाजूने आहे. तिच्या कथेतला मृत्यू टपाल खात्याच्या धाकाने आलेला नव्हता. तो त्या दोन माणसांच्या भीतीतून, त्यांच्या मुलखाच्या क्रौर्यातून आणि वीस वर्षांच्या टाळाटाळीतून आला होता. सुखान्त लिहिण्याचा हक्क मागणाऱ्यांनी सुखान्ताची सक्ती करणे म्हणजे 1952 च्या संपादकाचीच खुर्ची पटकावणे होय. मात्र ते सुधारलेले शेवट लिहिणाऱ्यांविषयी मला राग येत नाही. ज्याने आयुष्यभर आपल्यासारख्यांना पुस्तकांत मरतानाच पाहिले आहे, त्याने एकदा पेन उचलून त्यातल्या एकाला वाचवावे, ही चूक असली तरी समजण्याजोगी चूक आहे. त्यावरचा उपाय अशा वाचकांसाठी वेगळी, चांगली, सुखान्त पुस्तके लिहिली जाणे हाच आहे, आणि नेमकी तीच पुस्तके आली की आपण त्यांना खोटी म्हणतो.

लेखनाच्या अधिकाराचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. पुरुषांच्या प्रेमकादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर स्त्रिया लिहितात आणि स्त्रियाच वाचतात, ही आजची वस्तुस्थिती आहे. तिच्यावरचा आक्षेप नवा नाही. 1992 साली जपानमध्ये एका समलिंगी कार्यकर्त्याने एका लहानशा स्त्रीवादी पत्रिकेत संतप्त पत्र लिहिले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी रेखाटलेल्या देखण्या पुरुषयुगुलांच्या कथा त्याला आपल्या आयुष्याची चोरी वाटत होत्या. त्या पानांवरच्या सुंदर तरुणांशी आपला काही संबंध नाही, आणि हे वाचणाऱ्यांना आपल्यासारख्या खऱ्या माणसांशी काही देणेघेणे नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढे काही वर्षे त्यावर वाद झडला. लेखिका आणि वाचक स्त्रियांचे उत्तर असे होते, की स्त्री-पुरुषांच्या कथेत स्त्रीची पायरी आधीच ठरलेली असते. दोन पुरुषांच्या कथेत आम्ही प्रथमच दुय्यम न ठरता प्रेमाची कल्पना करू शकतो. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच तो वाद आजही वाचण्यासारखा आहे.

मराठी वाचकाला या आक्षेपाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दलित साहित्याने आपल्याला शिकवले, की सहानुभूतीने लिहिलेले आणि स्वतः भोगून लिहिलेले यांत अंतर असते. ‘बलुतं’ 1978 साली आले तेव्हा त्याआधी सवर्णांनी गावकुसाबाहेरच्या जगाविषयी लिहिलेले पुष्कळसे पांगळे वाटू लागले. मग हेच माप इथे का लावू नये? माझ्या मते दोन कारणांसाठी. पहिले असे, की दलित लेखकांचा खरा आग्रह आपल्या जागेचा होता. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहून आपली जागा अडवू नये, त्याचे लेखन आपला आवाज म्हणून खपवले जाऊ नये, ही ती मागणी होती आणि ती प्रकाशक, संपादक, पुरस्कार देणाऱ्या समित्या यांच्याकडे करायची मागणी आहे. समलिंगी लेखकांची पुस्तके मागे पडत असतील तर जाब या प्रकाशक-संपादकांनाच विचारला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये यमूच्या तोंडून तिचे आत्मवृत्त लिहिले. हा परकायाप्रवेश होता, आणि त्याने स्त्रियांच्या लेखणीची वाट अडवली नाही. त्यांच्याच स्नेही काशीबाई कानिटकर त्या काळात कादंबरी लिहीत होत्या.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या समाजात जात बहुधा आडनावातून, गावातून, शेजारपाजाऱ्यांच्या चौकशीतून उघड होते, आणि नकोशी असली तरी ती जाहीर असते. लैंगिक ओढ तशी नसते. ती कित्येकांना वर्षानुवर्षे स्वतःपासूनही लपवावी लागते. अशा बाबतीत ‘लिहिण्याआधी ओळख दाखवा’ असे म्हणणे म्हणजे माणसाच्या खिशात हात घालणे आहे. अमेरिकन लेखिका बेकी अल्बर्टॅली यांनी 2015 साली एका समलिंगी किशोरवयीन मुलाची प्रेमकथा लिहिली, ती गाजली, आणि पुढची काही वर्षे ‘ही तर विवाहित, पुरुषावर प्रेम करणारी बाई’ म्हणून त्यांच्यावर टीका होत राहिली. अखेर ऑगस्ट 2020 मध्ये त्यांनी आपण उभयलैंगिक असल्याचे, म्हणजे आपल्याला स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटत असल्याचे, जाहीर केले आणि हे आपल्याला अशा रीतीने सांगायचे नव्हते, हेही लिहिले. ज्या चळवळीने शंभर वर्षे हे मागितले, की कोणालाही जबरदस्तीने उघडे पाडू नका, तिच्याच बाजूच्या वाचकांनी एका लेखिकेला उघडे पाडले. इंग्रज लेखिका मेरी रेनॉल्ट यांच्या, पुरुषांमधले प्रेम रंगवणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून अनेक समलिंगी वाचकांना खात्री होती, की हा लेखक टोपणनावाने लिहिणारा पुरुषच असणार. त्या खात्रीने फसगत झाली असे म्हणावे, की त्या लेखनाला याहून मोठे प्रशस्तिपत्र असू शकत नाही असे म्हणावे?

अश्लीलतेच्या आरोपावर फार थांबण्याचे कारण नाही. 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, त्यात सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनातली घुसमट होती, आणि महाराष्ट्र कथांपेक्षा लेखिका कोण याच्याच शोधाला लागला. हिंदीत पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ या लेखकाने 1920 च्या दशकात पुरुषांमधल्या संबंधांवर कथा लिहिल्या त्या निषेधासाठी, असे ते स्वतः सांगत होते. तरीही या विषयाचा उच्चार म्हणजेच त्याचा प्रसार, असे म्हणत त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. निषेध करणाऱ्यालाही जो आरोप सोडत नाही, तो पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही.

राहिली तपासणी. ती मला हवी आहे, आणि आजच्यापेक्षा कडक हवी आहे, कारण या प्रकारची बरीच पुस्तके खरोखरच ढिसाळ असतात आणि विषयाच्या पुण्याईवर सुटतात. दोघेही नायक देखणे, दोघेही सुस्थितीत. चारशे पाने टिकणारा दुरावा केवळ एका न विचारलेल्या प्रश्नामुळे. आयुष्यभर तुटक वागलेला बाप एका प्रकरणात मऊ होतो, आणि तो का बदलला हे लेखकाने शोधलेलेच नसते. असा शेवट मला पटत नाही तो सुखाचा आहे म्हणून नव्हे. लेखकाने अडथळा उभाच केलेला नाही, म्हणून तो ओलांडण्यालाही अर्थ उरत नाही. दोघांमधला एकजण कित्येकदा दुसऱ्याच्या जखमेवरचे औषध म्हणूनच पुस्तकात असतो; त्याला स्वतःची भूक, मत्सर, कंटाळा, काम, मैत्री असे काही दिलेले नसते. अशा माणसावर कोणी प्रेम केले काय आणि न केले काय?

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त खटकते ती बायको. कित्येक कादंबऱ्यांत दोघांपैकी एकाचे लग्न झालेले असते. समाजाच्या भीतीने त्याने ते केलेले असते आणि ते मोडल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. ही स्त्री एक तर कजाग निघते, म्हणजे तिला सोडताना वाचकाला वाईट वाटू नये. किंवा इतकी समंजस निघते, की दोन ओळींत आशीर्वाद देऊन निघून जाते. तिचीही फसवणूक झाली आहे. जिने आपल्या तारुण्याची वर्षे अशा संसारात घालवली, की जिथे आपण नकोशा का आहोत हे तिला कोणी सांगितले नाही, तिच्याकडे प्रेमकादंबरीने पाहिलेच पाहिजे, कारण नायकांचे सुख तिच्याही खर्चाने आलेले असते. हायस्मिथ यांच्या नायिकेला प्रेमासाठी आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागतो, आणि लेखिका तो तोटा वाचकापासून लपवत नाही. तो शेवट सुखाचा असूनही खरा वाटतो, याचे मोठे कारण ते आहे. आजच्या लेखकांवर तर कसलीच सक्ती नाही, गळफास किंवा वेड्यांचे इस्पितळ यांतून निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. तेव्हा त्या बायकोला स्वतःचा राग, स्वतःची बाजू आणि नायकाला तोंडावर विचारलेला एक तरी प्रश्न त्यांनी द्यावा, आणि तो दिला नसेल तर वाचकांनी आपल्या प्रतिक्रियेत तेच लिहावे.